बापूसाहेबांकडे, दर शनिवारी

ताई,

तुझ्या शोकसभेत मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? तू शेजारी असतीस तर टेबलाखालून माझा पाय दाबला असतास. पण तू समोर फोटोत होतीस, कंपनीच्या ओळखपत्रावरचा तो मख्ख चेहरा करून, आणि मला आवरायला कुणीच नव्हतं.

तोयोसूच्या ऑफिसात, त्या मोठ्या मीटिंग रूममध्ये आपली सगळी मराठी मंडळी जमली होती. आधी आपले जपानी मॅनेजर बोलले, वाकले, बसले. मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल सांगायला लागला. कर्णिक मॅडम शांत होत्या. साध्या होत्या. कामात चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? मग टेस्टिंग टीमचे कुलकर्णी उठले. त्यांचा स्वभाव तुला माहीतच आहे, गेलेल्या माणसाचीही फॉलो-अप मीटिंग लावतील.

“एक प्रॅक्टिकल गोष्ट विचारतो,” ते म्हणाले. “मॅडमचे ते बापूसाहेब. त्यांना कुणी कळवलंय का? वयस्कर गृहस्थ आहेत, एकटे असतात. मॅडम दर शनिवारी जायच्या त्यांच्याकडे. त्यांना फार शॉक बसेल हो.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आलेलं हसू मी रुमालात दाबलं, लोकांना वाटलं मी रडतेय, आणि मग मी खरंच रडायला लागले. रुमाल खाली घेतला तेव्हा पहिल्या रांगेतून एक माणूस वळून माझ्याकडे बघत होता. आदल्या दिवशी पुण्याहून आलेले तुझे सतीशराव. बापूसाहेब हे नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

आता यात माझाही हात आहे, कारण हे नाव आपण दोघींनी मिळून ठेवलं होतं. आठवतं ना, आपली खरी ओळख कुठे झाली? ऑफिसात नाही. ऑफिसात तू कर्णिकसान होतीस आणि मी तुला तुम्ही म्हणत होते. इकेबुकुरोला त्या ॲनिमे मालिकेचं प्रदर्शन लागलं होतं, त्याच्या रांगेत. पुढेमागे सगळ्या कॉलेजच्या मुली, आणि मधे एक बाई, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी तुला ओळखलं ते तुझ्या डब्याच्या पिशवीवरून. “कर्णिकसान?” म्हटलं, तर तू अस्सल जपानीत उत्तर दिलंस की आपली काहीतरी गल्लत होते आहे. रांग दहा पावलं पुढे सरकली. मग तूच मागे वळून मराठीत म्हणालीस, “ऑफिसात एक शब्द बोललीस तर बघ.”

तू आली होतीस त्या पांढऱ्या केसांच्या सेनापतीसाठी. स्वतःच्याच राजानं देशोधडीला लावलेला, कमी बोलणारा, कुणाच्या उपकारात न राहणारा. मालिकेतल्या ज्या पात्रावर आपला जीव, त्याला इथे ‘ओशी’ म्हणतात; तुझा ओशी तो. पंगतीत बसला की त्याची पाठ तुझ्या साताऱ्याच्या मामांसारखी ताठ असते, असं तू म्हणालीस आणि त्याचं नाव बापूसाहेब झालं. त्यामुळे ऑफिसच्या पॅन्ट्रीत आपल्याला बिनधास्त बोलता यायला लागलं. “या शनिवारी बापूसाहेबांकडे जायचंय ना?” “हो गं, वाढदिवस आहे त्यांचा.” आजूबाजूचे चहा ढवळत ऐकायचे आणि मान डोलवायचे. ज्या आठवड्यात तो युद्धात जखमी झाला त्या आठवड्यात तू सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी आलीस आणि विचारणाऱ्याला सांगून टाकलंस, “बापूसाहेब अत्यवस्थ आहेत.” कुलकर्णींनी हॉस्पिटलचं नाव विचारलं होतं. रक्त लागलं तर सांगा म्हणाले होते. आपण जिन्यात जाऊन बसलो आणि पोटं दुखेपर्यंत हसलो.

तेव्हा मला नवल वाटायचं की सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची बाई यात पडली कशी. ते तू एकदाच सांगितलंस. पहिल्या थंडीत एदोगावातल्या त्या एका खोलीत संध्याकाळी परत यायचीस, दिवा लावायचीस आणि घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून टीव्ही चालू ठेवायचीस. भाषा कळत नव्हती. पण रोज जेवताना तोच आवाज कानावर पडायचा. “हळूहळू कळायला लागलं तो काय म्हणतोय,” तू म्हणालीस. “भाषा आधी कळली की माणूस आधी कळला, मला नाही सांगता येणार.” सतीशरावांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यांचं कॉलेज, त्यामुळे त्यांना पुणं सोडता येत नव्हतं. दोन वर्षांची पोस्टिंग तू वाढवत नेलीस. कर्ज होतं का, हौस होती का, मी कधी विचारलं नाही.

मी एवढंच म्हणायचे, त्यांना सांगून टाक. यावरून आपण किती भांडलोय! दर शनिवारी तुझा फोन बंद आणि ते समजतात ऑफिसचं काम. चोरीचं काय आहे त्यात? शेवटी एकदा, परतीच्या गाडीत, मांडीवर त्या बिल्ल्यांनी मढवलेली पिशवी उलटी धरून तू चिडलीस.

“तो हसेल.”

“हसू दे की.”

“तुला कळत नाही, अनघा. तो वाईट हसत नाही. मायेनं हसेल. मग त्याच्या आईला सांगेल, मग गणपतीत सगळ्यांना सांगेल. आमच्या मेघनाला या वयात कार्टूनचं वेड लागलंय. सगळे हसतील, मीही हसेन. आणि मग ते माझं राहणार नाही.”

“काहीतरीच.”

“लग्न झाल्यावर कळेल तुला.” मग म्हणालीस, “आणि मी गेले ना, तर तू आधी जायचंस खोलीवर. किल्ली आहे तुझ्याकडे. तो यायच्या आत सगळं उचलायचं.”

“उचलून काय करू?”

“फेक. कचऱ्याचे नियम बघून.”

मी हो म्हटलं. इथल्या चाहत्यांत असे शब्द सर्रास दिले-घेतले जातात, मी गेले तर माझी हार्ड डिस्क फोड, माझी कपाटं घरच्यांच्या आधी रिकामी कर. त्यात कुणी मरत नसतं. तू सोमवारी सकाळी स्टेशनच्या जिन्यावर कोसळलीस आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून हॉस्पिटलमधून फोन मला आला.

तुला दिलेला शब्द मी पाळायला गेले, हे तुला कळायला हवं. दुसऱ्याच दिवशी गेले. ओट्यावर भिजत घातलेले मूग होते, मोड येऊन गेलेले. ते आधी टाकले, कारण तेवढंच कळत होतं. मग दोन सुटकेस भरल्या. पोस्टर, मूर्ती, आणि ज्यांना आपण अक्रिलिकचे बापूसाहेब म्हणायचो ते सगळे छोटे उभे पुतळे. आणि बिल्ले. केवढे बिल्ले गं! पत्र्याचे, मागे टाचणी असलेले, एकाच चेहऱ्याचे. घरी आणून मी कचऱ्याचं वेळापत्रक काढून बसले. पत्रा म्हणजे न जळणारा कचरा, आणि तो महिन्यातून दोनदाच उचलतात. पुढची तारीख सतीशराव परत गेल्यानंतरची. आता हे वाचून तू म्हणशील, बाकीचं तरी फेकायचंस. जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस मधे येऊन गेला होता, ताई. मी पिशवी भरली, जिना उतरले, कावळ्यांसाठी लावलेली ती हिरवी जाळी उचलली आणि पिशवी घेऊन वर परत आले.

दहनगृहात तुझ्या अस्थी गोळा करायला माणसं हवी होती. इथली रीत तुला ठाऊक आहे, दोघांनी दोन काड्यांच्या जोड्यांनी मिळून एक अस्थी उचलायची आणि कलशात ठेवायची. सतीशरावांबरोबर दुसऱ्या काड्या धरायला घरचं कुणी नव्हतं, म्हणून मी धरल्या. त्यांना चॉपस्टिक धरता येत नव्हत्या. तिथल्या कर्मचाऱ्यानं त्यांची बोटं धरून दाखवली. मला तेव्हा तुझा इतका राग आला! या माणसाला एकदा तरी इथे बोलवायचं होतंस, निदान रामेन खायला.

तिथून आम्ही माझ्या घरी आलो. मी वरण-भात लावला. पांढऱ्या कापडात बांधलेली तुझी पेटी त्यांनी खुर्चीवर ठेवली, मग खुर्ची टेबलाजवळ ओढली. जेवण झालं नाही कुणाचंच. इथे मला पहिल्यांदा ‘जेवलीस का’ असं विचारणारी तू होतीस. तापात पडले होते तेव्हा सायकलवरून मऊ भाताचा डबा घेऊन पावसात आली होतीस आणि दारातूनच ओरडली होतीस की लोणचं खाऊ नकोस. हे सगळं त्यांना सांगावंसं वाटत होतं. त्यांनी मात्र वेगळंच विचारलं.

“ते बापूसाहेब लांब राहतात का?”

मी वरणाचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं.

“उद्या शनिवार आहे. जाऊन भेटून येतो म्हणतो. वडीलधारे आहेत, परक्या मुलखात तिला आधार दिला. नमस्कार करायला हवा.”

“भाऊजी, ते... सध्या गावाला गेलेत.”

इतकं वाईट खोटं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी पाण्याचा ग्लास हातात फिरवला. हे गृहस्थ कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात, हे मी विसरले होते.

“अनघा, दर शनिवारी फोन बंद असायचा तिचा,” ते म्हणाले. “दर. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, तिथे एकटी आहे, मी इथे आईचं करत बसलोय, मी कुठल्या तोंडानं विचारू? आता ती नाही. मला फक्त खरं काय ते सांगा. कुणी होतं का?”

आता तूच सांग मी काय करायला हवं होतं. तुझा शब्द एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हा माणूस, ज्यानं सकाळी धरता न येणाऱ्या काड्यांनी तुला उचललं होतं आणि जो आता उरलेलं सगळं आयुष्य एका नसलेल्या म्हाताऱ्याचा, किंवा म्हातारा नसलेल्या कुणाचा विचार करत काढणार होता. तो रागावलेला नव्हता. तो तुला आधीच माफ करून बसला होता, आणि ते मला बघवेना. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन तू जावंस? मी उठले, आतून एक सुटकेस ओढत आणली आणि टेबलाजवळ उघडली.

“हे बापूसाहेब,” मी म्हटलं.

त्यांना कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. रांग, पॅन्ट्री, वाढदिवसाचे केक, कुलकर्णींचं रक्तदान. सांगता सांगता मला पुन्हा हसू यायला लागलं, आणि तेही हसतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी एक अक्रिलिकचा पुतळा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ धरून पाहिला.

“हा?”

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांचा चेहरा सैल झाला. क्षणभर बरं वाटलं त्यांना, मी पाहिलं. पण ते टिकलं नाही.

“मग मला का नाही सांगितलं तिनं?” ते म्हणाले. मी तुझं बोलणं, गाडीतलं, जसंच्या तसं सांगितलं. मायेनं हसण्याचंही. तुला बोलायला आता तोंड नव्हतं, कुणीतरी तुझी बाजू मांडायला हवी होती.

बराच वेळ ते बिल्ले चाळत राहिले. सगळीकडे तोच चेहरा.

“हसलो असतो,” ते म्हणाले. “अगदी असंच केलं असतं मी. गणपतीत सांगितलं असतं.” मग पेटीकडे बघून, जणू तिथे तू बसली आहेस, हळूच म्हणाले, “तुझं बरोबर होतं गं.”

ताई, तुझ्या-माझ्या भांडणाचा निकाल इतक्या वाईट पद्धतीनं लागेल असं मला वाटलं नव्हतं. तू जिंकलीस. पण जिंकून तुझा काय फायदा, आणि त्यांचा तर नाहीच नाही. त्या दुपारी त्यांना बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. एक त्यांच्या ओळखीची होती, ती सोमवारी गेली. दुसरी ओळख व्हायच्या आत गेली.

आणि एक माझंही सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. मला बापूसाहेब कधीच फारसे आवडले नाहीत. त्या पहिल्या रांगेत मी दुसऱ्याच एका पात्रासाठी उभी होते, तेही अर्ध्या मनानं. मला शनिवार आवडायचे. स्टेशनवर तुझी वाट बघणं, कोन्बिनी दुकानातल्या ओनिगिरीचा भाताचा गोळा कागद न फाडता सोडवायचं तुझं कसब, गाडीत तुझं ते न थांबणारं बोलणं. तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. विचारलं असतंस तर मीही हसण्यावारी नेलं असतं.

हे लिहायला मी सतीशरावांची परवानगी घेतली आहे. नावं बदला, एवढंच म्हणाले. तुझं बदललं, त्यांचं बदललं. कुलकर्णींचंही बदललं, पण ते स्वतःला ओळखतील. बापूसाहेबांचं बदलायची गरज वाटली नाही.

शनिवारचं बुकिंग होतं आपलं. त्या मालिकेवरच्या कॅफेचं, लॉटरीत लागलेलं, दोन जागा. मी ते सोडून द्यायचं ठरवलं होतं. सतीशरावांना सुटकेसच्या झाकणाच्या कप्प्यात त्या कॅफेचं पत्रक सापडलं, तारखेभोवती तू लाल गोल केलेला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

“मी येऊ का?” ते म्हणाले. “सुतक आहे. पण येतो.”

गाडीत कुलकर्णींचा फोन आला. परतीच्या विमानाची, एअरपोर्टला सोडायला येण्याची चौकशी झाली, आणि शेवटी तो प्रश्न आलाच. बापूसाहेबांना भेटलात का? सतीशरावांनी माझ्याकडे पाहिलं. इथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत हे मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते तोंडावर हात धरून अगदी हळू बोलले.

“त्यांच्याकडेच निघालोय. हो, कळवलं. फार सज्जन माणूस आहे.”

कॅफेत आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. भिंतभर सेनापती. आजूबाजूला सगळ्या विशीतल्या मुली, आणि मधे सतीशराव, पुण्याहून आणलेल्या जाड स्वेटरमध्ये, दाढी वाढलेली. कुणी वळून पाहिलं नाही. इथे ते एक बरं आहे. बापूसाहेबांच्या नावाचं पेय आलं, वर पांढरं क्रीम, आत निळं काहीतरी. त्यांनी एक घोट घेतला.

“फार गोड आहे. तिला गोड कुठे चालायचं?”

तू इथे दोन-दोन संपवायचीस. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी मान हलवली आणि ग्लास खाली ठेवला.

मग ते आजूबाजूला बघत राहिले. प्रत्येक टेबलावर तेच चाललं होतं. खाणं आलं की मुली पिशवीतून आपापला छोटा पुतळा काढायच्या, बशीपुढे उभा करायच्या, नीट कोन साधून फोटो घ्यायच्या आणि मगच खायला लागायच्या.

“हे काय करतायत?”

“ज्याच्यावर जीव आहे त्याला आधी,” मी म्हटलं. “सगळे करतात. ताईही करायची.”

“नैवेद्यच की.”

“तसंच म्हणा.”

मी तुझे बापूसाहेब आणले होते. ते काढून त्या निळ्या ग्लासापुढे उभे केले आणि फोन हातात घेतला. “थांबा,” सतीशराव म्हणाले. त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून तुझा फोटो. पासपोर्टच्या आकाराचा, जुना, लग्नाच्या सुमाराचा. त्यांनी तो ग्लासापुढे उभा करायचा प्रयत्न केला. तो पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत होती. तिनं हातातला चमचा खाली ठेवला आणि मान खाली घातली.

सतीशरावांनी एकदा बापूसाहेबांकडे पाहिलं. मग तो पुतळा थोडा मागे सरकवला, आणि तुझा फोटो त्याला टेकवून उभा केला. नीट राहतोय ना, हे बोटानं चाचपून पाहिलं.

“आता घ्या,” ते म्हणाले.

दोन फोटो खराब आले, तिसऱ्यात तू नीट आलीस.